मोटर ड्रायव्हरमधला शॉर्ट कसा शोधावा: नवा मॉसफेट बसवण्याआधीच्या तपासण्या

मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला दिशा आणि वेग देणारं सर्किट, जळाला की नवशिक्यांचा पहिला उपाय ठरलेला असतो: काळा पडलेला मॉसफेट (विजेने चालू-बंद होणारा स्विच) किंवा आयसी काढायचा, त्याच नंबरचा नवा बसवायचा आणि बॅटरी जोडायची. बऱ्याचदा नवा पार्टही त्याच क्षणी जातो. जळालेला दिसतो तो पार्ट शॉर्टचा बळी असतो. शॉर्टचं कारण मात्र शेजारच्या डायोडमध्ये, हीटसिंकच्या स्क्रूखाली, गेट ड्रायव्हरमध्ये (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या आयसीत) किंवा प्रोग्रॅमच्या एखाद्या ओळीत तसंच बसून असतं. म्हणून कामाचे दोन भाग करा. आधी शॉर्ट कुठे आहे ते शोधायचं, मग तो का झाला ते शोधायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत बॅटरी थेट जोडायची नाही, एवढं पथ्य पाळलंत तरी बरेच पार्ट वाचतील.

इथलं सगळं विवेचन ६ ते २४ व्होल्टवर चालणाऱ्या, ब्रशच्या डीसी मोटरसाठीच्या एच-ब्रिजचं आहे. मेन्सच्या विजेवर चालणाऱ्या ड्रायव्हरमधले कपॅसिटर सप्लाय काढल्यावरही प्राणघातक व्होल्टेज धरून ठेवतात. ती दुरुस्ती लेख वाचून करू नका, जाणकाराच्या शेजारी बसून शिका.

एच-ब्रिजबद्दल हवं तेवढंच

एच-ब्रिजमध्ये चार स्विच असतात, आणि हे स्विच म्हणजे बहुधा मॉसफेट. मॉसफेटला तीन पाय असतात: ड्रेन आणि सोर्स यांच्यातून करंट जातो, आणि तो जाऊ द्यायचा की नाही हे गेटवरचं व्होल्टेज ठरवतं. डाव्या बाजूला एक वर, एक खाली. उजव्या बाजूला तसेच दोन. वरचे दोन पॉझिटिव्हला जोडलेले, खालचे दोन ग्राउंडला, आणि दोन्ही बाजूंच्या मधल्या बिंदूंमध्ये मोटर. डावा वरचा आणि उजवा खालचा चालू केला की मोटर एका दिशेला फिरते. उलट जोडी चालू केली की दुसऱ्या दिशेला.

एकाच बाजूचा वरचा आणि खालचा स्विच एकदम चालू झाला, तर पॉझिटिव्हपासून ग्राउंडपर्यंत सरळ रस्ता तयार होतो आणि मधे मोटरही नसते. याला शूट-थ्रू म्हणतात. तो काही मायक्रोसेकंदच टिकला तरी दर सेकंदाला हजारो वेळा घडत असेल, तर मॉसफेट तापून मरतो. मॉसफेट मरताना बहुतेक वेळा ड्रेन आणि सोर्स आतून एकमेकांना चिकटून जातात, म्हणजे तो कायमचा चालू राहतो. मग त्याच बाजूचा दुसरा मॉसफेट पुढच्या आदेशाला चालू झाला की तोही जातो. म्हणून मॉसफेट बऱ्याचदा जोडीने उडतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक मॉसफेटच्या पोटात एक डायोड असतो. तो सप्लायच्या उलटा बसलेला असल्यामुळे सप्लायचा करंट त्यातून सरळ जात नाही. मोजमाप करताना हाच डायोड आपल्या उपयोगी पडणार आहे. पण बॅटरीच उलटी जोडली, तर एका बाजूचे दोन डायोड मिळून सप्लायवर जवळजवळ शॉर्ट तयार करतात. उलट्या जोडणीने ड्रायव्हर क्षणात जातो तो यामुळेच.

आधी खात्री: हा शॉर्टच आहे ना?

मोटर सुरू करताच सप्लाय बंद पडतो, आर्डुइनो (मोटरला आदेश देणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो, बॅटरी जोडताना ठिणगी उडते. ही तिन्ही लक्षणं शॉर्टसारखी दिसतात, पण तिन्हींमागे साधी कारणं असू शकतात.

समजा मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स २ ओहम आहे आणि सप्लाय १२ व्होल्ट. थांबलेली मोटर सुरू होण्याच्या क्षणी १२ भागिले २, म्हणजे ६ अँपिअर खेचायला बघते. वेग आला की मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते आणि करंट उतरतो. तुमचा सप्लाय ३ अँपिअरचा असेल तर सुरुवातीलाच तो कोलमडणार. यात शॉर्ट काहीच नाही. पूर्ण वेगात असलेल्या मोटरची दिशा एकदम उलटवली, तर मोटरचं उलटं व्होल्टेज सप्लायमध्ये मिळवलं जातं आणि क्षणभर करंट जवळजवळ दुप्पट, या उदाहरणात १२ अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. मोटर सुरू होताना मायक्रोकंट्रोलर रीसेट होत असेल तर अनेकदा त्याचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली पडलेलं असतं. आणि बॅटरी जोडतानाची छोटी ठिणगी म्हणजे मोठा कपॅसिटर भरला जाणं असू शकतं.

यातलं काय खरं ते ओळखण्याची सोपी रीत: मोटरच्या दोन्ही वायरी काढा. मोटर काढल्यावरही सप्लाय खाली ओढला जात असेल, तर दोष बोर्डात आहे. फक्त मोटर जोडल्यावरच त्रास होत असेल तर मोटर, वायरी किंवा सप्लायची क्षमता तपासायची. मात्र ही परीक्षा बॅटरीवर घेऊ नका. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये प्रचंड करंट देते. वायरीचं प्लास्टिक पेटायला काही सेकंद पुरतात. शॉर्ट शोधण्याच्या कामात बॅटरी टेबलावर नसलेलीच बरी.

तिच्याऐवजी करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय वापरा. तो नसेल तर कमी पैशातला भरवशाचा उपाय म्हणजे पॉझिटिव्हच्या वायरीत मालिकेत लावलेला गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा जुन्या धाटणीचा तारेचा बल्ब. बोर्डात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडकतो. शॉर्ट नसेल तर बल्ब पेटत नाही. एलईडी बल्ब इथे चालत नाही. रेझिस्टर वापरायचा तर १२ व्होल्टसाठी २२ ओहम, १० वॅटचा घ्या. पूर्ण शॉर्टमध्येही त्यावर साडेसहा वॅटच पडतात.

पायरी १: सप्लाय काढा, कपॅसिटर रिकामे करा, आणि नीट बघा

सप्लाय काढल्यावर मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मीटरने बघा. उरलेलं असेल तर १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टेकवून उतरवा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका.

मग भिंग आणि चांगला उजेड घेऊन बसा. डोळ्यांनी बघणं हे हलकं काम समजून लोक सरळ मीटरकडे धावतात. नव्याने बांधलेल्या बोर्डात मात्र भिंगाखाली सापडणारे दोषच जास्त असतात. दोन पिनांमध्ये पसरलेलं सोल्डर, स्क्रू टर्मिनलमधून बाहेर आलेला वायरीचा एखादा केसासारखा धागा, बोर्डाखाली लांब राहिलेला पाय, उलटा बसवलेला डायोड किंवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. फ्लक्सचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पुसून काढा. त्याखाली सोल्डरचे बारीक गोळे लपतात. बोर्ड धातूच्या चेसिसवर बसवला असेल तर खालच्या पिना चेसिसला टेकत नाहीत ना, हेही बघा.

हीटसिंकजवळ जरा जास्त थांबा, कारण तिथला शॉर्ट दिसत असूनही लक्षात येत नाही. टीओ-२२० आकाराच्या मॉसफेटची पाठीची धातूची पट्टी आतून ड्रेनला जोडलेली असते. चारही एन-चॅनेल मॉसफेट (गेट सोर्सपेक्षा वरच्या व्होल्टेजला नेलं की चालू होणारे) वापरलेल्या ब्रिजमध्ये वरच्या दोघांचे ड्रेन पॉझिटिव्हला असतात, तर खालच्या दोघांचे ड्रेन मोटरच्या दोन टोकांना. हे चौघे एकाच ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर अभ्रकाची चकती किंवा सिलिकॉन पॅड न घालता कसले, तर पॉझिटिव्ह आणि मोटरची दोन्ही टोकं हीटसिंकमार्फत एकत्र येतात. नुसता पॅड घालूनही भागत नाही. धातूचा स्क्रू पट्टीला टेकत असेल तर प्लास्टिकचा बुशही लागतो. स्क्रू कसल्यावर प्रत्येक पट्टी आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावून बघा, काहीही आकडा येता कामा नये. एल२९८ या तयार मोटर ड्रायव्हर आयसीची पट्टी मात्र ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून तिचा हीटसिंक ग्राउंडशी जोडलेला दिसला तर घाबरू नका. पॉझिटिव्हची वायर त्याला लागणार नाही एवढं पाहा.

पायरी २: मीटरचा बझर आणि त्याचे फसवे आवाज

मोटर काढलेली आहे, सप्लाय काढलेला आहे. आता पॉझिटिव्ह आणि ग्राउंड यांच्यात कंटिन्युइटी लावा. क्षणभर वाजून बझर थांबला तर तो कपॅसिटर भरण्याचा आवाज. सतत वाजत राहिला तरी लगेच निष्कर्ष काढू नका. बरेच मीटर कित्येक ओहमपर्यंत वाजतात, काही तर ३० ते ५० ओहमपर्यंतही. म्हणून आवाज ऐकल्यावर रेझिस्टन्सच्या रेंजवर जाऊन आकडा वाचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचाच रेझिस्टन्स बघून घ्या; तो साधारण ०.२ ते ०.५ ओहम असतो आणि प्रत्येक वाचनातून वजा करायचा असतो. वजा केल्यावर ओहमच्या अंशात काही उरलं तर मॉसफेट किंवा सोल्डरचा शॉर्ट मानायला हरकत नाही. दहा-वीस ओहम आले तर अर्धवट मेलेला आयसी किंवा कपॅसिटर असण्याची शक्यता जास्त.

मोटर जोडलेली ठेवून हीच तपासणी केली तर दोन्ही आउटपुटमध्ये बझर वाजणारच, कारण वाइंडिंग मुळातच एक-दोन ओहमचं असतं. ‘आउटपुट शॉर्ट झालंय’ असं म्हणून चांगला बोर्ड बाजूला टाकला जातो तो यामुळे.

पायरी ३: डायोड मोडवर ब्रिज वाचणं

ही या लेखातली सगळ्यात कामाची पायरी आहे. मीटर डायोड मोडवर ठेवा. डाव्या आउटपुटवर चार वाचनं घ्यायची:

– लाल प्रोब आउटपुटवर, काळी पॉझिटिव्हवर: सुमारे ०.४ ते ०.७ व्होल्ट. हा वरच्या मॉसफेटचा डायोड.
– लाल पॉझिटिव्हवर, काळी आउटपुटवर: उघडं सर्किट.
– लाल ग्राउंडवर, काळी आउटपुटवर: पुन्हा ०.४ ते ०.७ व्होल्ट. हा खालच्या मॉसफेटचा डायोड.
– लाल आउटपुटवर, काळी ग्राउंडवर: उघडं सर्किट.

मग उजव्या आउटपुटवर तीच चार. बोर्डावर शॉटकी डायोड असतील तर ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसतील. ‘उघडं सर्किट’ अपेक्षित असताना एखादा आकडा दिसून हळूहळू वर चढत जात असेल, तर कपॅसिटर भरतोय, थोडं थांबा.

दोन्ही दिशांना शून्याजवळचं वाचन म्हणजे तो मॉसफेट किंवा त्याला समांतर असलेला डायोड शॉर्ट. बोर्डाची आकृती हाती नसली तरी ही रीत चालते, कारण एका बाजूची तुलना दुसऱ्या बाजूशी करता येते. दोन्हींचे आकडे थोड्या मिलिव्होल्टच्या फरकाने जुळले पाहिजेत. जिथे जुळत नाहीत तिथे शोध घ्यायचा. एल२९८ च्या तयार मॉड्यूलवरही हीच वाचनं मिळतात. त्या आयसीच्या आत हे डायोड नसतात, मॉड्यूलवर बाहेरून आठ बसवलेले असतात, आणि ते उडालेलेही याच मोजणीत सापडतात.

एक फसगत सांगून ठेवतो. सुटा मॉसफेट तपासताना त्याच्या गेटवर आधीचा चार्ज उरलेला असेल, तर तो चालू अवस्थेतच असतो आणि शॉर्टसारखा वाचतो. गेट आणि सोर्स क्षणभर एकमेकांना टेकवून चार्ज उतरवा आणि पुन्हा मोजा. त्यानंतरही शॉर्ट आला तरच तो मेलेला.

पायरी ४: गेटची बाजू

आता गेट आणि सोर्स यांच्यात रेझिस्टन्स मोजा. तिथे पुल-डाउन रेझिस्टर (आदेश नसताना गेटला सोर्सच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा) असेल तर साधारण त्याचीच किंमत, म्हणजे बहुधा १० किलोओहमच्या आसपास दिसली पाहिजे. गेट ड्रायव्हर आयसी समांतर असल्यामुळे थोडी कमी दिसू शकते. काही ओहम किंवा शे-दोनशे ओहम आले तर गेटचा पातळ ऑक्साइडचा थर फुटला आहे.

गेट फुटलं की मोटरचं व्होल्टेज गेटच्या वाटेने उलटं मागे जातं. आधी गेटचा रेझिस्टर, मग ड्रायव्हर आयसी, आणि आयसी नसेल तर थेट मायक्रोकंट्रोलरची पिन. म्हणून मॉसफेट उडालेला सापडला की हे तिन्ही तपासल्याशिवाय नवा बसवू नका. गेट रेझिस्टर उघडा पडलाय का ते मीटर सांगेल. ड्रायव्हर आयसीच्या आउटपुटपासून त्याच्या सप्लायपर्यंत आणि ग्राउंडपर्यंत डायोड मोडवर मोजून दुसऱ्या बाजूच्या आयसीशी तुलना करा. मायक्रोकंट्रोलरची पिन प्रोग्रॅमने हाय आणि लो करून मोजा. शंका राहिली तर ड्रायव्हर आयसी बदलून टाकावा असं माझं मत आहे. अर्धवट बिघडलेला ड्रायव्हर आयसी नव्या मॉसफेटला अर्ध्या गेट व्होल्टेजवर चालवतो आणि तो दहा मिनिटांनी जातो, तेव्हा दोष शोधणं आणखी अवघड होतं.

पायरी ५: अनेक पार्ट समांतर असतील तर

पॉझिटिव्ह आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट आहे, पण बोर्डावरच्या त्या दोन तांब्याच्या पट्ट्यांवर चार मॉसफेट, तीन सिरॅमिक कपॅसिटर, एक टीव्हीएस डायोड (उसळणारं व्होल्टेज दाबणारा) आणि एक रेग्युलेटर आहे. यातला मेलेला कोणता? एकेक पार्ट उपसत बसलात तर चांगले पॅड उखडतील. त्याऐवजी मिलिव्होल्टची रीत वापरा.

बेंच सप्लाय ०.३ व्होल्टवर आणि १ अँपिअरच्या लिमिटवर ठेवा आणि शॉर्ट असलेल्या पट्ट्यांना जोडा. एवढ्या कमी व्होल्टेजवर चांगले सिलिकॉन डायोड आणि आयसी चालू होत नाहीत; करंट फक्त शॉर्टमधूनच जातो. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक पार्टच्या दोन पायांमधलं व्होल्टेज मोजा. सगळ्यात कमी जिथे येईल तो पार्ट शॉर्टचा धनी किंवा त्याचा अगदी शेजारी. कारण करंट वाहणाऱ्या तांब्यावर थोडं तरी व्होल्टेज पडतं. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात १ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब पट्टीचा रेझिस्टन्स साधारण २५ मिलिओहम भरतो. १ अँपिअरला २५ मिलिव्होल्ट, जे साधा मीटरही वाचू शकतो. पट्टीवर प्रोब सरकवत गेलात की शॉर्टच्या दिशेने आकडा बदलत राहतो आणि शॉर्टच्या पलीकडे बदलणं थांबतं.

बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर लावला तर शॉर्ट पार्ट थोडा तापून तिथला थर आधी वाळतो, हाही उपाय चालतो. त्यासाठी करंट थोडा वाढवावा लागतो. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे ठिणगी आणि गरम सोल्डरिंग आयर्न लांब ठेवा.

पायरी ६: मोटर आणि वायरी

बोर्ड निर्दोष निघाला तर मोटरकडे वळा. दोन्ही टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत रेझिस्टन्स मोजा. उघडं सर्किट यायला हवं. ब्रशच्या कार्बनची भुकटी साचून किंवा टर्मिनलपासून अंगापर्यंत सोल्डर केलेला सिरॅमिक कपॅसिटर तडकून इथे शॉर्ट होतो. मोटर चेसिसला आणि चेसिस ग्राउंडला जोडलेलं असेल, तर हा दोष थेट वरच्या मॉसफेटवर येतो. मग शाफ्ट हाताने सावकाश फिरवत वाइंडिंगचा रेझिस्टन्स बघा. आकडा थोडा हलणं स्वाभाविक आहे. एखाद्या कोनात तो एकदम शून्याजवळ जात असेल तर कम्युटेटरचे भाग (शाफ्टवरच्या, ब्रश टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्या) एकमेकांना शॉर्ट झाले आहेत. वायरी जिथे चेसिसच्या भोकातून जातात किंवा फिरत्या भागाजवळून वळतात तिथे मीटर लावून हलवून पाहा. हालचालीत होणारा शॉर्ट स्थिर बोर्डावर कधीच दिसत नाही.

शॉर्ट का झाला

इथपर्यंत कुठे हे कळलं. सोल्डर किंवा हीटसिंक दोषी असेल तर का हेही कळलं. पण बोर्ड स्वच्छ आहे आणि मॉसफेट तरी उडाला, तर पुढच्या शक्यता या क्रमाने तपासा.

गेटला पुरेसं व्होल्टेज मिळतंय का? आयआरएफ५४० किंवा आयआरएफझेड४४एन हे मॉसफेट १० व्होल्टच्या गेटसाठी बनलेले आहेत. त्यांना ५ किंवा ३.३ व्होल्टच्या पिनेवरून चालवलं तर ते धड चालू होत नाहीत, तापतात आणि तापून शॉर्ट होतात. थेट पिनेवरून चालवायचं तर लॉजिक लेव्हलचा (कमी गेट व्होल्टेजवरही नीट चालू होणारा), उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन हवा, आणि तोही ५ व्होल्टवर. वरच्या बाजूच्या एन-चॅनेल मॉसफेटला तर मोटरच्या सप्लायपेक्षाही १० व्होल्ट वरचं गेट लागतं. ते बूटस्ट्रॅप कपॅसिटर पुरवतो आणि तो कपॅसिटर खालचा मॉसफेट चालू असतानाच भरतो. म्हणून अशा ब्रिजला १०० टक्के पीडब्ल्यूएम (स्विच झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवण्याची रीत; १०० टक्के म्हणजे कायम चालू) दिला की थोड्या वेळात वरचं गेट खाली येतं आणि मॉसफेट अर्धवट अवस्थेत जळतो. प्रोग्रॅममध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा घाला.

दोन स्विचच्या मधे मोकळा वेळ आहे का? एक बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंत जो डेड टाइम ठेवायचा असतो तो काही ड्रायव्हर आयसी स्वतः ठेवतात. आयआर२१०४ मध्ये तो सुमारे ५२० नॅनोसेकंद असतो. आयआर२११० मध्ये तो नसतोच. दोन्ही इनपुट हाय दिलेत तर तो आज्ञाधारकपणे दोन्ही मॉसफेट चालू करेल. तिथे डेड टाइम मायक्रोकंट्रोलरने द्यायचा. आणि नुसता डेड टाइम असून चालत नाही, मॉसफेट तेवढ्या वेळात बंदही व्हायला हवा. वरचा पी-चॅनेल मॉसफेट (गेट सोर्सपेक्षा खाली नेलं की चालू होणारा) १० किलोओहमच्या पुल-अपनेच, म्हणजे गेटला पॉझिटिव्हकडे खेचणाऱ्या रेझिस्टरनेच, बंद होत असेल आणि त्याच्या गेटची कपॅसिटन्स दीड नॅनोफॅरड असेल, तर त्या जोडीचा टाइम कॉन्स्टंट (गेटचं व्होल्टेज बदलायला लागणाऱ्या वेळेचं माप) १५ मायक्रोसेकंद होतो. २० किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमचं एक पूर्ण आवर्तनच ५० मायक्रोसेकंदांचं असतं. त्यातला मोठा भाग दोन्ही मॉसफेट एकत्र चालू राहतील.

ऑसिलोस्कोप नसतानाही शूट-थ्रू पकडता येतो, आणि ही परीक्षा प्रत्येक नव्या ब्रिजवर करावी. मोटर न जोडता, करंट लिमिट कमी ठेवून पीडब्ल्यूएम सुरू करा. आधी १ किलोहर्ट्झ, मग ५, मग २०. भार नसलेल्या ब्रिजने मोटरच्या सप्लायमधून काही मिलिअँपिअरच घ्यायला हवेत. फ्रिक्वेन्सी वाढवल्यावर करंट झपाट्याने वाढत असेल आणि मॉसफेट बोटाला गरम लागत असतील, तर प्रत्येक आवर्तनात क्षणभराचा शॉर्ट होतोय.

चालू होतानाचा क्षण सुरक्षित आहे का? मायक्रोकंट्रोलर रीसेटमध्ये असताना त्याच्या पिना कुणालाच धरून ठेवत नाहीत आणि गेट हवेवर तरंगतं. शिवाय काही बोर्डांच्या काही पिना बूट होताना क्षणभर स्वतःहून हाय होतात. प्रत्येक एन-चॅनेल मॉसफेटच्या गेट-सोर्समध्ये १० किलोओहमचा पुल-डाउन हवाच, आणि ब्रिजसाठी बूटच्या वेळी शांत राहणाऱ्या पिना निवडायच्या.

प्रोग्रॅमही वाचून काढा. एल२९८ किंवा टीबी६६१२ सारख्या आयसीला दोन्ही इनपुट हाय दिले तर मोटर फक्त ब्रेक होते, काही बिघडत नाही. चार सुट्या मॉसफेटच्या ब्रिजला मात्र चार स्वतंत्र पिना असतात आणि तिथे दोन ओळींचा क्रम चुकला तरी शॉर्ट होतो. दिशा बदलण्याआधी चारही पिना बंद करणं आणि मगच नवी जोडी चालू करणं, हे एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि बाकी प्रोग्रॅममधून त्या पिनांना हात लावू नका.

उसळणारं व्होल्टेज हे शेवटचं कारण. मोटरचा करंट अचानक तोडला की वाइंडिंग जोराने व्होल्टेज उसळवतं. सुटा एल२९८ डायोडांशिवाय वापरणं यासाठीच घातक. ब्रिजच्या अगदी जवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शेजारी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक ठेवा, आणि मॉसफेटचं व्होल्टेज रेटिंग सप्लायच्या दुप्पट तरी घ्या.

पुन्हा सप्लाय देताना

पार्ट बदलल्यावर डायोड मोडची आठही वाचनं पुन्हा घ्या. मग फक्त लॉजिकचा आणि गेट ड्रायव्हरचा सप्लाय द्या, मोटरचा नाही. प्रोग्रॅमने खालचा एकेक मॉसफेट चालू करून त्याच्या गेट-सोर्समधलं व्होल्टेज मोजा. चालू असताना अपेक्षित १० ते १२ व्होल्ट (लॉजिक लेव्हलला ५) आणि बंद असताना शून्य.

नंतर मोटरचा सप्लाय १०० मिलिअँपिअरच्या लिमिटवर द्या, मोटर न जोडता. सप्लाय चालू करताच मोठा कपॅसिटर भरेपर्यंत लिमिटचा दिवा क्षणभर लागेल. लागलेलाच राहिला तर बंद करून पायरी ३ वर परत. हे जमलं की वर सांगितलेली वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीची परीक्षा. मग मोटरच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब लावा, लिमिट २ अँपिअरपर्यंत वाढवा आणि पीडब्ल्यूएम १० टक्क्यांपासून वर न्या. बल्बचा उजेड दोन्ही दिशांना सारखाच वाढला पाहिजे आणि चारही मॉसफेट सारखेच कोमट राहिले पाहिजेत. एखादा एकटाच तापत असेल तर त्याच्या गेटकडे बघा.

त्यानंतरच मोटर, शाफ्ट मोकळा ठेवून, कमी पीडब्ल्यूएमवर. दिशा बदलताना मोटर थांबू द्या. शेवटी भार जोडा.

बॅटरीवर जाण्याआधी तिच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच फ्यूज बसवा, बोर्डाजवळ नको. मधली वायर चिरडली तरी फ्यूज तिच्या आधी असला पाहिजे. फ्यूजचं रेटिंग वायरीला झेपेल एवढंच घ्या. तो मॉसफेटला वाचवेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण मॉसफेट फ्यूजच्या तारेपेक्षा कितीतरी लवकर मरतो. मॉसफेट वाचवायचा असेल तर करंट मोजून स्वतः बंद होणारा ड्रायव्हर निवडा. डीआरव्ही८८३३ सारख्या आयसीला फॉल्टची वेगळी पिन असते आणि दोष येताच ती लो होते. ती पिन पुल-अप लावून मायक्रोकंट्रोलरला जोडा आणि लो झाल्यावर मोटर बंद ठेवून तशी नोंद छापणारा प्रोग्रॅम लिहा, म्हणजे पुढचा शॉर्ट शोधताना तो मोटर सुरू होताना आला, दिशा बदलताना आला की चालू असताना, हे आधीच माहीत असेल.